राडोयकाच्या हातचं औषध

तिहोमिर आमच्या गावातल्या घरांची छपरं घालायचा. तीस वर्षं कौलांवरून चालला, पण त्याचा पाय एकदाही घसरला नाही. सकाळी निघताना रकिया, म्हणजे आलुबुखाराची घरी गाळलेली दारू, दोन पेले, जेवताना दोन, संध्याकाळी किती ते कोणी मोजलं नाही. लग्नात त्याच्या टेबलावरची माणसं आडवी होत, तो मात्र सरळ चालत घरी जाई. गावात त्याला दारुडा कोणी म्हणत नव्हतं. दारुडा म्हणजे रस्त्यात पडणारा, बायकोला मारणारा. तिहोमिरने आपल्या बायकोवर, राडोयकावर, कधी आवाजही चढवला नव्हता.

रकियात रानातला कडू पाला मुरवून बाटल्या भरायचं काम राडोयकाचं. नवऱ्याला ताप आला की ती रकियाने त्याची छाती चोळी, भूक मंदावली की एक पेला जास्त देई. घरची, बिनभेसळीची, ती कशाला बाधेल, असं म्हणे. मी गावच्या दवाखान्यातली नर्स. मी त्यांच्या ओसरीवर बसून हे ऐकलं, आणि समोर आलेला पेला संपवला.

पन्नाशी उलटल्यावर तिहोमिरचे पाय सुजायला लागले. मग पोट टम्म फुगलं आणि दंड काटकुळे झाले. राडोयकाला वाटलं, थंडीने अंगात पाणी धरलंय, ऊब हवी. तिने सकाळच्या दोन पेल्यांचे तीन केले. तो नको म्हणायचा, तेव्हा ती त्याला गोंजारून पाजायची.

फेब्रुवारीत त्याला रक्ताची उलटी झाली. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तो किती पितो ते विचारलं, तशी राडोयका दुखावली.

"माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात चढलेली नाही, डॉक्टर."

"चढत नव्हती, कारण अंगाला सवय झाली होती. लिव्हर आतून जातच होतं, बाई. घरची काय आणि दुकानातली काय, त्याला दोन्ही सारख्याच."

राडोयकाने स्वतःचे तळहात उलगडून बघितले. "मी दिली," ती म्हणाली. "औषध म्हणून."

नवव्या दिवशी तो गेला. दफनानंतर आमच्याकडे मृताच्या नावाने थेंबभर रकिया जमिनीवर सांडून उरलेली पितात. राडोयकाने बाटली काढायला नकार दिला. दीर चिडला, स्वतःच्या घरून बाटली घेऊन आला, आणि सगळे प्यायले.

दुखवट्याचे चाळीस दिवस झाल्यावर ती बायकांना गाठून सांगू लागली, बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, की घरची रकियाही लिव्हर खाते, घरच्यांना पाजू नका. बायका तिचा हात हातात घेऊन ऐकायच्या आणि वळून म्हणायच्या, दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. मुलगा नेबोयशा बापाचंच काम करतो आणि बापासारखीच पितो. तो म्हणाला, "बाबांचं लिव्हर मुळातच कच्चं होतं, आई. माझं तुझ्यावर गेलंय."

एप्रिलमध्ये ती माझ्याकडे आली. बसली नाही.

"तू शिकलेली आहेस. तुला माहीत होतं ना गं?"

"हो."

"मग?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती निघून गेली. मी दोनदा तिच्या दारी गेले, तिने उघडलं नाही. शेजारीण सांगते, रोज सकाळी ती मुलाला उजेडात उभं करून त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधते. तो हसतो आणि मान फिरवतो.