गिरजाबाईंचे हात

बाळाला पायांवर घेण्याआधी गिरजाबाई दोन्ही तळवे घासून गरम करायच्या. "हात थंडा असला का लेकरू डरते, ताई," म्हणायच्या. माझ्या मुलीला न्हाऊमाखू घालायला त्या रोज सकाळी सिंदी मेघेहून पिपरी मेघेला चालत यायच्या. आमच्यानंतर आणखी चार घरी बाळं न्हाऊ घालायची असत. रडणाऱ्या पोरांशी त्या गोंडीत काहीबाही बोलत. मला कळत नसे, पोरं मात्र गप्प होत.

दुसऱ्या महिन्यात मला त्यांच्या मनगटावर लालसर गोल चट्टा दिसला. "उष्णतेचं हाय," त्या म्हणाल्या. मेडिकलमधून ट्यूब आणून लावत होत्या. चट्टा दबायचा, पुन्हा दुप्पट होऊन उठायचा. मला शंका आली होती, पण शाळेतून घेतलेली माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, दुसरी बाई मिळणं कठीण होतं. मी गप्प राहिले.

मग मुलीच्या मांडीवर तसंच गोल उठलं. डॉक्टर म्हणाले, "गजकर्ण. बुरशीचा संसर्ग आहे. बाळाला कोण हाताळतं?"

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंना मी फाटकातच थांबवलं.

"माह्यामुळं झालं का, ताई?"

"हो."

त्यांनी हात पदराखाली घेतले. "तुमाले दिसलंतं ना? मंग तवाच काऊन नाई सांगतलं? मी हात लावलाच नसता लेकराले."

मी फाटक लावून घेतलं. वर, त्या चार घरांना सावध करावं म्हणून मीच फोन केले. आठवडाभरात चारही घरं बंद झाली.

पुढे मन खाऊ लागलं, तेव्हा मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याची खरवड तपासली, ट्यूब फेकायला लावली. "यानं खाज दबते, बुरशी पसरते," म्हणाले. गिरजाबाईंनी तीन महिने एकही गोळी चुकवली नाही. घरातले कपडे, चादरी वेगळ्या उकळल्या. हात स्वच्छ झाले. मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. कुणीच बोलावलं नाही. आणि माझी मुलगी तोवर न्हाणीघरात टबात बसून अंघोळ करू लागली होती.

"रोग गेला, ताई. नाव नाई गेलं," एवढंच म्हणाल्या, आणि कारंजा घाडगेला मुलाकडे निघून गेल्या. तिथे एका ढाब्यावर भाज्या चिरत होत्या म्हणे.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या वारल्या. मी घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं.

"नातवाला तरी न्हाऊ घालायला मिळालं त्यांना," मी म्हटलं.

सून खाली मान घालून म्हणाली, "नाई, ताई. बाजूले बसून मले सांगे, असं धर, तसं चोळ. पन लेकराले एक डाव हात नाई लावला त्याईनं. माह्या हाताचा भरोसा नाई, म्हने."

"पण हात तर बरे झाले होते ना?"

"कवाचेच," ती म्हणाली.