टेकड्या उतरल्यावर जेवायचं कुठे

सिंगापुरात चढायला टेकड्या आहेत हे आमच्या सासऱ्यांना पटवायला मला पहिला आठवडा लागला आणि त्या चढून झाल्या आहेत हे पटवायला पुढचा. माउंट फेबरच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मला विचारलं होतं, "मग पाव्हणं, डोंगर कुठनं सुरू होतो?"

अण्णा कोल्हापूरकडचे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेले. कालव्यांच्या आखणीसाठी इतके चालले होते की निवृत्तीनंतरही सकाळी पायांना काम दिलं नाही तर त्यांचा दिवस उगवायचा नाही. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. मुक्काम दिवाळी करून परतण्याचा ठरला होता, पण गणपती आटोपले नाहीत तोच त्यांचं सुरू झालं, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघा."

बायको माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "अहो, तिकडे रिकाम्या घरात एकटे दिवाळी करणार ते. काहीही करा, पण त्यांना इथे रमवा."

आता रमवणं हे काम माझ्याकडे यावं, इथेच तिची अगतिकता लक्षात यावी. लोकांना रमवण्याची माझी ख्याती अशी, की माझी स्वतःची मुलगी मी गोष्ट सांगायला लागलो की "बाबा, सो लाँग ला" म्हणून उठून जाते. पण अण्णांना आवडणारी एक गोष्ट माझ्या आवाक्यातली होती. ती म्हणजे चालणं. आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटपासून जवळच दक्षिणेकडच्या टेकड्या पुलांनी एकमेकींना जोडून केलेली वाट तेव्हा नुकती पुरी झाली होती. रविवारी निम्मं सिंगापूर तिथे लोटायचं. लाकडी लाटांसारखा वळसे घेत जाणारा उंच पूल, खाली झाडांचे शेंडे, लांबवर बंदरातली जहाजं. अण्णांनी पुलाच्या खांबांची पाहणी केली, वाकून तुळया बघितल्या आणि "काम चांगलं केलंय" असं प्रमाणपत्र दिलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं दर रविवारी जाऊ लागलो.

गाडी अडायची ती वाट संपल्यावर. भरपूर चाललेल्या माणसाला काहीतरी दणदणीत खायला लागतं, आणि तेच आम्हाला सापडत नव्हतं. डोंगरमाथ्यावरचं हॉटेल म्हणजे मोठ्या बशीत एक पान आणि त्याच्या सावलीत बसलेला माशाचा तुकडा. मॉलमधल्या फूड कोर्टात अण्णांनी नूडल्स काड्यांनी उचलायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि शेवटी वाडगा तोंडाला लावला. हॉकर सेंटरमधला, म्हणजे इथल्या सरकारी खाऊगल्लीतला, भात त्यांना चालायचा, पण तो खातानाचा त्यांचा चेहरा रजेचा अर्ज लिहिणाऱ्या माणसाचा असायचा. "पोट भरलं," एवढंच म्हणायचे. कोल्हापूरच्या माणसाने जेवणाबद्दल एवढंच म्हणणं म्हणजे निषेधच की.

म्हणून एका शनिवारी 'वाटेची पाहणी' म्हणून मी एकटाच गेलो आणि नेहमीप्रमाणे चुकलो. वाटेतली बाग ओलांडून डावीकडे जायचं ते उजवीकडे गेलो, परत आलो, तिसऱ्याच रस्त्याला लागलो आणि जुन्या ब्रिटिश बराकींच्या आवारात निघालो. मोठी झाडं, उतरती कौलं, आणि एका बराकीच्या व्हरांड्यात चक्क पब. आत बसलेले लोक सगळे घामाघूम, बुटांना माती, म्हणजे आमच्याच जातीचे. मी बसलो. बिअर आली ती काचेला बाहेरून दव धरलेली आणि वर बोटभर पांढरी साय. मग आला एक 'पाय', म्हणजे इंग्रजांची भट्टीत भाजलेली गोल करंजीच. जाडजूड खुसखुशीत पारी, आत मिरपूड घालून शिजवलेलं मटण, शेजारी लोण्यात घोटलेला बटाटा आणि वर कांद्याचा रस्सा. मी डोळे मिटून खाल्लं. असं काही वाटेच्या एवढ्या जवळ असताना आम्ही इतके रविवार पोट नुसतं 'भरत' होतो!

पण अण्णांना इथे आणायचं कसं?

आमच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने माझं वर्णन "मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही" असं केलं होतं. त्या वेळी ते खरंही होतं. बिअर नोकरीत चिकटली. पण एकदा सासरी अशी कीर्ती झाली की तिला जागावं लागतं. इतकी वर्षं मी कोल्हापूरला जाऊन निमूटपणे कोकम सरबत पीत आलो होतो. अण्णा येणार म्हटल्यावर फ्रिजमधले बिअरचे कॅन मी खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये हलवले. त्यांच्या जागी दुधी आला. मग आठवड्यातून दोनदा "लिफ्टच्या तक्रारीबद्दल जरा बोलून येतो" म्हणून मी खाली जायचो. आमची लिफ्ट जन्मात बिघडली नसेल इतकी मी बोलण्यात बिघडवली.

तेव्हा जावयाने सासऱ्याला हाताला धरून पबात नेणं हे माझ्या घराण्यात बसणारं नव्हतं. मी गप्प बसलो आणि पुढचे दोन रविवार पुन्हा हॉकर सेंटर.

तिसऱ्या रविवारी आम्ही फेबरपासून सगळी वाट तुडवून खाली आलो, तर हॉकर सेंटर सफाईसाठी बंद. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशीवर साबणाचा फेस आणि पाइप घेतलेले दोघे. अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तेवढं तिकिटाचं उद्याच बघून टाका. या आठवड्यातलं मिळालं तर बरं."

"अण्णा, काही चुकलं का आमचं?"

"छे छे! तुमचं काय चुकतंय? तुमचं कधी काय चुकत नाही, तेच..." वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. "माणसानं आपल्या घरात असावं, झालं."

मला बायकोचा चेहरा दिसला. घरी जाऊन तिला 'या आठवड्यातलं' असं सांगायचं म्हणजे... नाही. मी मनातल्या मनात माझ्या निष्कलंक कीर्तीला हार घातला. बिअर मागवायची नाही, नुसतं जेवू घालायचं, असा मधला मार्गही काढून ठेवला.

"अण्णा, इथे वर एक जागा आहे म्हणतात. सूप बरं मिळतं."

"सूप?" अण्णा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत उठले. "चला."

चढावर ते पुढे, मी मागे. मागच्या खेपेला मी चुकलो होतो त्या तिठ्यावर आलो. डावीकडे की उजवीकडे, असा मी विचार करतोय तोवर अण्णा न विचारता वळून चालायलाही लागले होते. कालव्यावरच्या माणसाला दिशा कळते, असं मी स्वतःला सांगितलं. मी किती हुशार आहे ते यावरून बघा.

व्हरांड्याच्या पायऱ्या चढलो. गल्ल्यामागे एक ठेंगणी, चष्मेवाली चिनी बाई होती. माझ्या शनिवारी ती नव्हती. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा फुलला.

"अंकल! टुडे नॉट अलोन आह? युवर सन?"

मी मागे वळून पाहिलं. आमच्या मागे कुणीही अंकल नव्हता.

अण्णा छतावरचा पंखा निरखत होते. "चांगली बाई आहे," ते पंख्याला म्हणाले. "आलो होतो एकदा. पाणी मागायला."

आम्ही बसतो न बसतो तोच बाईने न सांगता एक मोठा मग आणून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. काचेवर दव, वर बोटभर साय. शेजारी बशीत बारीक कापलेल्या लाल मिरच्या. त्याही न सांगता.

दोघंही त्या मगाकडे बघत राहिलो.

"पाणी," मी म्हणालो.

"इथलं असंच असतं," अण्णा म्हणाले.

"अँड यू?" बाईने मला विचारलं.

वाचकहो, हाच तो क्षण. समोर सासरे उघडे पडलेले, मैदान मोकळं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडातून काय निघावं? "लाइम ज्यूस."

बाई गेली. अण्णांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता इथूनच विमानतळ गाठतात.

"हेच ते," अण्णा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "रागावू नका, पण एकदा बोलतोच. तुम्ही देवमाणूस. चहा सोडून तोंडाला काही लावत नाही. मला संध्याकाळचा एक ग्लास लागतो, रोज नाही, पण लागतो. तुमची सासूबाई समोर बसून शेंगा सोलायची. आता तुमच्या फ्रिजमध्ये दुधी! तुम्ही ऑफिसला गेलात की मी शाळा चुकवल्यासारखा इथं येतो, एक घेतो, वेलदोडा चघळत परत जातो. या वयात लेकीच्या घरात चोरी? त्यापेक्षा आपलं कोल्हापूर बरं."

मी खुर्ची पुढे ओढली. "अण्णा, आमची लिफ्ट..."

"बिघडती सारखी. माहीत आहे."

"कधीच बिघडलेली नाही. खालच्या शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये माझे बिअरचे कॅन आहेत. तुम्ही येणार म्हणून हलवले."

अण्णांना ते पोचायला जरा वेळ लागला. आधी भुवया वर गेल्या. मग खांदे हलायला लागले. मग त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की मिरच्यांची बशी उडाली आणि शेजारच्या टेबलावरचे गोरे आजी-आजोबा दचकले.

"अहो, मग सांगा की, पाव्हणं! अडीच महिने! अडीच महिने मी वेलदोडे खातोय!"

बाई लाइम ज्यूस घेऊन येत होती. अण्णांनी तिला हातानेच अडवलं, ग्लासाकडे बोट दाखवून मान हलवली आणि आपला मग उचलून माझ्याकडे खूण केली. बाईला बरोबर समजलं. कोल्हापुरी ही जागतिक भाषा आहे.

मग आम्ही जेवलो. काय जेवलो म्हणून सांगू! पाय आला, तो अण्णांनी मधोमध फोडला, वाफ निघाली तिच्यावर नाक धरलं आणि मिरच्यांची अख्खी बशी त्यात रिकामी केली. पिठात घोळवून तळलेला मासा आला, हातभर लांब, वर लिंबू पिळून. सॉसेज आले. "हे आपल्या वजडीच्या जवळचं काहीतरी दिसतंय," असं म्हणत अण्णांनी तेही संपवले. कांद्याचा रस्सा बटाट्यात कालवून, शेवटी चमचा बाजूला ठेवून, बोटाने बशी पुसली. मग खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, इतके रविवार मी ज्याची वाट पाहत होतो ते म्हणाले, "वा! जेवलो."

एव्हाना आम्हाला उशीर झाला होता. बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात दोघं?"

मला एकदम शूर वाटत होतं. "पबमध्ये. तुझे वडील बिअर पितायत. आणि ऐक, मीही पितोय. त्यांच्यासमोर!"

पलीकडे मोठा उसासा. "सुटले बाई एकदाची."

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"कुणाचं? तुमचं का त्यांचं? अहो, तुम्ही लग्नानंतर शपथ घातलीत, अण्णांना सांगू नकोस म्हणून. त्यांनी आल्या आल्या घातली, जावईबापूंना कळू देऊ नकोस म्हणून. मी मध्ये बसून दुधीची भाजी करतेय!" मग आवाज जरा उतरला. "तिकिटाचं काय म्हणतायत?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते बाईला खुणांनी विचारत होते की तो पाय आणि मासा आणखी एकेक मिळेल का.

"तूच ये आणि विचार," मी म्हणालो.

अर्ध्या तासात टॅक्सीतून मायलेकी उतरल्या. बायको वडिलांच्या शेजारी बसली, त्यांच्या बशीतला मासा उचलून खाल्ला आणि रस्सा आपल्याकडे ओढला. लेक समोर बसली. आजोबांचा मग, माझा मग आणि आम्हा दोघांचे लालबुंद चेहरे तिने आळीपाळीने पाहिले.

"आजोबा, सो यू स्टेइंग ऑर नॉट?"

बायकोचा घास हातातच थांबला.

"आधी तो पायचा तुकडा इकडं सरकव," अण्णा म्हणाले. लेकीने सरकवला. त्यांनी सावकाश खाल्ला, मिशा पुसल्या आणि बायकोकडे वळले. "चकली जमती का गं तुला अजून? का मागच्यासारखी मऊ पडायची?"

"जमते," बायको म्हणाली. तोंडात बटाटा होता, डोळ्यांत पाणी होतं. "कडक होते आता."

"बघू की मग दिवाळीत."

मी हात वर करून बाईला हाक मारली. तिने विचारलं, "टू?" आणि अण्णांनी माझ्याआधीच दोन बोटं दाखवली.