लाल ठिपक्याचा पंप

माझा आवाज मोठा आहे आणि तो लहान करणं मला कधी जमलं नाही. मास्तरीण व्हायचं राहून गेलं, ती हौस मी लोकांच्या घरी जाऊन भागवते, असं माझ्या घरचे म्हणतात. धाराशिवच्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. ज्या मुलांना दमा आहे त्यांच्या घरी जायचं, पंप कसा ओढायचा ते आईबापांना शिकवायचं, घरात धूर आणि धूळ कुठून येते ते हुडकायचं आणि मग त्यावरून भांडायचं. भांडण कामात धरलेलं नाही, ते मी पदरचं घालते.

वाशी तालुक्यात मोठ्या रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत, शेतातच एक पत्र्याचं घर आहे. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि आठ वर्षांची मुलगी. दमा त्या मुलीला. तिची आई तो शब्द तोंडातून काढायची नाही, ‘तिचं ते’ म्हणायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची रीत अशी होती, की पोरीची छाती जरा वाजली की बाप मोटारसायकल काढायचा, तिला दोघांच्या मध्ये बसवून गावातल्या डॉक्टरकडे न्यायचा आणि एक सुई टोचून आणायचा. पंप कपाटात, कॅरीबॅगेत, वर गाठ मारलेली. पंपाची सवय लागते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

वर्षभर मी त्या घराच्या हात धुऊन मागे लागले. दम लागला की निळा पंप घ्यायचा, तो प्लास्टिकच्या फुगीर नळीला जोडायचा, नळीचं दुसरं टोक पोरीच्या तोंडात. एक दाब, पाच श्वास. असे चार दाब. मग घड्याळात वीस मिनिटं बघायची आणि आराम पडला नाही तर पुन्हा चार. “उठलं की पळत सुटायचं नाही,” मी तिच्या आईला बजावलं होतं. “औषधाला काम करायला वेळ द्या. तुम्ही घाबरलात की ती दुप्पट घाबरते.” ओठ निळे पडले किंवा बोलता येईना, तर मात्र क्षणभर थांबायचं नाही, हेही सांगितलं होतं. पण थांबायचं कसं, हे मी जास्त मोठ्यानं सांगितलं होतं. आईनं सगळं मुलीच्या जुन्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

शिकवण्यासाठी माझ्या पिशवीत एक नुसता दाखवायचा पंप असतो. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखा, तोच निळा रंग, दाबला की फुस्स होतो, पण आत औषध नसतं. मुलांनी दहा वेळा दाबून बघितलं तरी बिघडत नाही. ओळखू यावा म्हणून मी त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि माझ्या या हुशारीचं मला फार कौतुक होतं.

त्या दिवशी त्यांच्या सोयाबीनची रास होती. अंगणाच्या पलीकडेच गंजी रचलेली, आणि दुपारी एकला मळणीचं मशीन सुरू होणार होतं. मशीन सुरू झालं की भुसकट आणि धूळ घरभर होते, डोळे चुरचुरतात, चांगल्या माणसाला खोकला लागतो. पोरीला दोन दिवस मामाकडे पाठवा असं मी आठवडाभर सांगत होते. कुणाला सवड झाली नाही. म्हणून मी सकाळीच पोचले. पोरीला आतल्या खोलीत ठेवायचं, दाराच्या फटीला ओलं फडकं लावायचं, आईनं जवळ बसायचं, असं ठरवून दिलं. मुलीकडून दाखवायच्या पंपावर एकदा सराव करून घेतला. तिचा खरा पंप हातात घेऊन औषध पुरेसं आहे ना ते बघितलं. दोन्ही पंप बाजेवर शेजारी शेजारी पडले होते.

तेवढ्यात आजीनं देवापुढे ऊद टाकला. धुराचा लोट थेट आतल्या खोलीत.

“आजी, आज तरी नको होतं हो,” मी म्हणाले.

“मशीन दारात यायलंय. ऊद न्हाय दावला तर कसं व्हईल?”

“देवाला ही पोर खोकलेली ऐकू येत नाही का?”

“देवाचं देव बघंल. तुमी एक दिस गप बसा, मॅडम.”

मी गप बसले नाही. पाचेक मिनिटं आमचं जुंपलं. पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती, तिची आई कोणाची बाजू घ्यावी या पेचात चहाची कपबशी घेऊन उभी होती. शेवटी मी रागारागानं बाजेवरचं सामान पिशवीत कोंबलं, चहा न पिताच चपला घातल्या आणि स्कूटी काढली. वाटेत मला आणखी दोन चांगली उत्तरं सुचली आणि ती देता आली नाहीत याची हळहळ वाटली.

पुढचं घर तेरखेड्याच्या पलीकडे. तिथं एक नवीन आई, पोराला दमा आहे हे तिला नुकतंच कळलेलं. मधे वाशीत संस्थेची दोन कामं उरकून पोचेपर्यंत दीड वाजत आला होता. मी पिशवीतून पंप काढला, “हा खोटा आहे हं, घाबरू नका,” असं म्हणून बुड दाखवायला उलटा केला.

ठिपका नव्हता.

मी पिशवी पालथी केली. दुसरा पंप नव्हता. हातातल्या पंपावर मेडिकलवाल्यानं चिकटवलेली चिठ्ठी होती, सकाळी मीच वाचलेली. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, आणि त्या घरात जो पंप होता त्यात नुसती हवा होती.

फोन लावला. त्या घरात फोन एकच, बापाचा. वाजून वाजून बंद झाला. मशीनच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? पुन्हा लावला, पुन्हा तेच. गावातल्या आशाताईला लावला, ती तालुक्याला मीटिंगला, फोन बंद. आता राहिले दोनच फोन, एक १०८ चा आणि एक आमच्या ऑफिसचा. ते दोन्ही मी केले नाहीत. पोरगी खेळत असली आणि दारात अॅम्ब्युलन्स जाऊन उभी राहिली, तर मी काय सांगणार होते? की घरोघरी जाऊन लोकांच्या चुका काढणारी बाई औषधाचा पंप घेऊन आली आणि हवेचा ठेवून आली? हे मला तेव्हा नीट शब्दांत सुचलं नव्हतं. मी फक्त बापाचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिले. त्यात दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांची लाज मला अजून वाटते, पंप बदलला त्याहून जास्त.

मग निघाले. रस्त्यावर सोयाबीनचे टेम्पो, ट्रॅक्टर, कुणी बाजू देईना. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. मनात एकच हिशेब चालू होता: एक वाजता मशीन, तिला त्रास व्हायला वीस मिनिटं, पहिले चार दाब, मग वीस मिनिटं थांबणं. थांबणार, कारण मी सांगितलंय. पुन्हा चार दाब. पुन्हा थांबणार. आजपर्यंत कुणी माझं ऐकत नाही म्हणून मी चिडायचे. त्या दिवशी मी देवाला म्हणत होते, की माझं ऐकू नका, गाडी काढा, पळा.

फाट्याशी आले आणि आतल्या कच्च्या रस्त्यावरून मोटारसायकल येताना दिसली. बाप पुढे, आई मागे, मध्ये मुलगी. मी स्कूटी आडवी घातली. बापाला आधी मी कोण तेच कळेना, त्याच्या तोंडावर आणि पापण्यांवर भुसकट होतं. मुलीचं डोकं एका बाजूला पडलं होतं. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला खोल आत जात होती. मी तिचं नाव घेतलं, तिला हूं म्हणता येईना.

आईच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत ती नळी. रस्त्याच्या कडेला मी बसले, मुलीला मांडीवर टेकवलं, माझ्याजवळचा पंप जोडला. एक दाब. ती ओढतच नव्हती. “ओढ बाळा, माझ्याकडे बघ, ओढ.” दुसरा. तिसरा. आईनं नळीचं टोक तिच्या ओठांशी घट्ट धरून ठेवलं. चार झाल्यावर थांबलो नाही, तसेच निघालो. वाशीच्या वाटेवर पुन्हा एकदा उतरून चार दाब दिले. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिनं पहिला शब्द काढला, “पाणी.”

नर्सनं तिला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध सुरू केलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “आता धोका टळलाय. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.”

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. बापानं गमछानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

“मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय. आमी घरी आठ येळा दाबला, काय फरक न्हाय. तुमी दाबला आन् पोरगी बोलाय लागली.”

आईनं पिशवीतून वही काढली. मागच्या पानावर तिनं त्याही गडबडीत वेळ लिहिली होती. एक वीसला चार दाब. एक चाळीसला चार दाब. दोनला बापाला हाक मारली. “ह्यात कुठं चुकलं बघा की,” ती म्हणाली. “नळी नीट बसली नसंल का? म्या समदं तुमी सांगितल्यावाणी केलं.”

वही मी हातात धरून बसले. गप्प राहणं किती सोपं होतं हे मला ठाऊक होतं. ते मला दोष देणार नव्हते, उलट दिवाळीला फराळाचा डबा पाठवणार होते. आणि पुढच्या वेळी दम लागला की पंपावर विश्वास न ठेवता माझ्या हाताची वाट बघत बसणार होते.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “पंप खोटा होता. तुमचा मी सकाळी घेऊन गेले आणि माझा तुमच्याकडे राहिला. त्यात औषधच नव्हतं. चूक माझी आहे. कळल्यावरसुद्धा मी लाजेपायी वेळ घालवला.”

बाप उठून उभा राहिला, पुन्हा बसला, मग उठून बाहेर निघून गेला. मी आईच्या बोलण्याची वाट बघत होते. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं वही मिटली, पिशवीत ठेवली.

“ती म्हणत हुती,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “आई, ह्याची चव लागत न्हाय, ह्यातनं काय येत न्हाय. तोंडातनं नळी काढून टाकायली. मला वाटलं, नाटकं करायली. म्या तिला चापट मारली, मॅडम. दोनदा. मॅडमनी दिलंय, गप ओढ म्हणलं.”

ती उठली, आतल्या दाराशी गेली आणि वळून म्हणाली, “चला. तुमीच सांगा तिला. ती खोटं बोलत नव्हती म्हणून.”

मी आत गेले. मुलीच्या तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते. मी खाली वाकून माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात बारीक आवाजात तिला सांगितलं, की पंप रिकामा होता, तू खरं बोलत होतीस. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आईकडे बघत होती.