डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

आमचा दादा बस चालवायचा. निवृत्त झाला तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि माझ्या लेकाच्या जुन्या लॅपटॉपवर ट्रक चालवायचा. लेक नोकरीसाठी लांब गेला तेव्हा म्हणाला, "मामा, हा गेमिंगचा आहे. म्हातारा झालाय, पण तुला चालेल." तो लॅपटॉप पाट्यासारखा जड, आणि त्याचा पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं. टेबलाच्या कडेला खेळातलं स्टिअरिंग आवळून बसवलेलं. मी भाजी कुठे चिरायची, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडत नव्हता.

खेळातसुद्धा हा माणूस सिग्नल मोडत नसे. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी हाताची घडी घालून थांबायचा. मी म्हणायची, "अरे, तिथे कोण पावती फाडणार आहे तुझी?" तर म्हणायचा, "सवय मोडली की गेलीच." नोकरीभर त्याच्या बसला ओरखडा नव्हता. त्याबद्दल मिळालेला पितळी बिल्ला काचेच्या कपाटात, आईच्या फोटोच्याही पुढे. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा त्याने तो दाखवलेला आहे.

शेवटची बरीच वर्षं त्याच्या गाडीवर एकच कंडक्टर होता. त्याला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही. "डावीकडे सायकल आहे. डावीकडे आजी उतरतायत, जरा दम धर." दादा घरी येऊन करवादायचा, "मला काय दिसत नाही? हा मला गाडी शिकवणार."

मग खेळात गडबड सुरू झाली. डावीकडून येणाऱ्या गाड्या एकदम उगवायला लागल्या. रस्ता मोकळा, आणि पुढच्या क्षणी मोटार थेट बंपरवर. पहिली ठोकर बसली त्या दिवशी दादा जेवला नाही. मी म्हटलं, "खेळ आहे तो, कुणाला लागलं नाही." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने ताट झाकून ठेवलं.

लॅपटॉप घेऊन आम्ही दुरुस्तीवालीकडे गेलो. जिन्याखालच्या खोलीत बसते, मान सदा स्क्रूंवर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, हार्ड डिस्क जुनी झाली की असंच होतं. चित्र वेळेवर येत नाही, मग झाडं, गाड्या मागाहून उगवतात. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकू आणि चित्र काढणारं ग्राफिक्स कार्डही बदलू. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स बोर्डालाच डकवलेलं असतं. तुमचा जुना म्हणून सुटं आहे, नशीब."

दादा म्हणाला, "दोन्ही एकदम नको." ही डेपोतली रीत. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि गाडी चालवून बघायची. दोन बदलले तर दोष कुणाचा होता ते कळत नाही.

आधी एसएसडी टाकली. खेळ उघडायला मी चहा करून आणेपर्यंतचा वेळ लागायचा, तो आता टिचकीसरशी उघडला. लांबच्या टेकड्या आधीपासून जागच्या जागी दिसायला लागल्या. दादा खूश झाला, चक्क गुणगुणला. आणि दुपारी परत डावीकडून एक टेम्पो उगवला.

मग ग्राफिक्स कार्ड. ते मिळता मिळेना. दुरुस्तीवालीने कुठल्या तरी मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढलं आणि बसवलं. तोवर दादाने घरात डावीकडचा पाण्याचा तांब्या कितीदा पाडला, दाराच्या चौकटीला खांदा कितीदा आपटला. मी ओरडायची, "डोळे काय खिशात ठेवलेत?" तो म्हणायचा, "तू वस्तू मधे ठेवतेस."

नवीन कार्डावर चित्र असं लख्ख दिसत होतं की ट्रकच्या आरशात ढग मोजावेत. दादा घरून आणलेलं स्टिअरिंग लावून दुकानातच चालवायला बसला. पहिल्याच चौकात ठोकर. दुरुस्तीवालीने वायर काढून तिचा मोठा पडदा जोडला. परत ठोकर. ती हळूच म्हणाली, "काका, ती लाल गाडी मला केव्हाची दिसत होती."

मलाही दिसत होती.

दादाने स्टिअरिंगवरचे हात काढले. "डिस्क बदलली, कार्ड बदललं, पडदा बदलला," तो म्हणाला. "मग राहिलं कोण?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची, म्हणजे डावीकडचीच नजर कमी झालेली. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. दादाने एकच विचारलं, "कधीपासून?"

"बरीच वर्षं असणार. दुखत नाही, समोरची अक्षरं वाचता येतात, म्हणून साध्या तपासणीत सापडत नाही. तुम्ही बस चालवत होता तेव्हाही असेल."

दादा घरी आला तो थेट फोनपाशी. म्हणाला, "रेडिओला फोन लाव. आवाज मोठा ठेव." रेडिओने नेहमीसारखी तब्येतीची चौकशी सुरू केली. दादाने मधेच तोडलं. "मला डावीकडचं दिसत नव्हतं, हे तुला ठाऊक होतं?"

रेडिओ कधी नव्हे तो गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, मला वाटलं तुलाही ठाऊक आहे. म्हणून तर मला बोलू देतोस. मी रजासुद्धा तुझी बघून टाकायचो. एकदा तापाने फणफणलो होतो तरी आलो, आठवतंय? दुसरा कंडक्टर गप्प बसला असता तर?"

"बरं," दादा म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला.

राग मला इतका आला की काय सांगू. रेडिओचा आला, डॉक्टरांचा आला, त्या लॅपटॉपचाही आला. एवढी माणसं बसमध्ये बसायची, आणि हे दोघं असा कारभार करत होते, एक न कळता आणि एक कळून. पण मग दादाकडे बघितलं. तो कपाटासमोर उभा होता. बिल्ला काढून त्याने माझ्या हातावर ठेवला.

"कुठे ठेवू?"

"ज्याचा आहे त्याला दे."

मी गेले. रेडिओने हात मागे घेतले, रडायलाच लागला. म्हणाला, "वहिनींच्या फोटोची शपथ घेऊन सांगतो, ताई, गाडी तोच चालवत होता." वहिनी म्हणजे दादाची बायको, ती जाऊन किती वर्षं झाली. बिल्ला तसाच परत आणला. तो माझ्या पर्समध्ये आहे, कपाटात ठेवायची माझी छाती होत नाही.

दादा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि खिडकीशी बसतो. थेंब वेळेवर घालतो. लॅपटॉप दुरुस्तीवालीला देऊन टाकला, एकदम झकास चालतो म्हणते. टेबल आता मोकळं झालंय. भाजी चिरायला भरपूर जागा आहे.