बबनतात्यांचा वस्तरा

बबनतात्या जेवायलासुद्धा बसत नसत. ताट ओट्यावर ठेवायचं, घास तोंडात टाकायचा आणि तो संपेपर्यंत अंगणात एक चक्कर. महाळुंग्यात असं म्हणतात, की दुपारी त्यांची सावली दमून झाडाखाली बसायची आणि तात्या एकटेच पुढे जायचे. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

असा माणूस कंपनीतून निवृत्त झाल्यावर करणार काय? मोबाइलवर त्यांनी कुणाला तरी जुन्या कानशीतून दाढीचा वस्तरा घडवताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी भंगारातून कानशी आणून रिकाम्या गोठ्यात भट्टी पेटवली. मी शेजारी. पहिली शिफ्ट सुटली, की शिकायला हजर.

"आता सोताच्या हातच्या वस्तऱ्यानंच दाढी करीन. न्हाईतर करणारच न्हाई!" तात्यांनी जाहीर केलं.

"आन् लेकीचं लगीन तोंडावर आलंय, ते?" त्यांच्या बायकोनं, वत्सलाकाकूंनी विचारलं.

"तवर ढीग लागंल वस्तऱ्यांचा."

ढीग लागला खरा, पण वाया गेलेल्या पात्यांचा. कानस तापवून तेलात बुडवली, की पोलाद कडक होतं. तिथवर तात्या उस्ताद. पुढे ते मोटरवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर घासून पातळ करायचं. जरा घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. तात्यांना थांबणं ठाऊक नव्हतं. "आजून येकच हात" म्हणता म्हणता पातं तापायचं आणि धारेवर मोरपिशी निळा रंग चढायचा. निळं पडलं, की पोलादाचं पाणी उतरलं, ते मऊ पडलं. मग त्या धारेनं ओला साबणही कापला जात नाही.

दाढी मात्र फोफावली. चाकणच्या बाजारात एका बाईनं वाकून नमस्कार केला आणि मुलगा नोकरीत पक्का कधी होईल ते विचारलं. तात्या म्हणाले, "दिवाळीनंतर." झालाही म्हणे.

आम्ही हसलो. सुनंदा, त्यांची लेक, हसली नाही. "तात्या, लग्नाच्या फोटोत मला माझा बाप पाहिजे. हा बुवा नको."

"शब्द दिलाय गं सगळ्यांम्होरं."

हळदीच्या आदल्या दिवशी शेवटचं पातं उरलं. तात्या पट्टा सुरू करणार, तोच सुनंदा आत आली आणि तळहात पुढे करून उभी राहिली.

"एक हात मारायचा, की पातं इथं टेकवायचं. तापलं, तर चटका मला बसंल."

"येडी का खुळी? उद्या हळद हाय तुझी!"

"मग थांबा येळेवर."

तात्यांचे पाय जागच्या जागी नाचत होते, पण हात थांबत होता. एक हात मारायचे, घाबरत घाबरत पातं तिच्या हातावर ठेवायचे, ती ते पाण्यात बुडवून परत द्यायची. पातं शेवटपर्यंत पांढरंशुभ्र राहिलं. मांडवात तात्या इतके तुळतुळीत दिसत होते, की विहीणबाई त्यांनाच विचारत होत्या, "नवरीचे वडील कुठं दिसत नाहीत?"

लेक सासरी गेली. दुसऱ्या दिवशी गोठ्यात पट्टा सुरू, आता जावयाच्या वस्तऱ्यासाठी. तात्यांनी एक हात मारला आणि सवयीनं पातं बाजूला धरलं. तिथं कुणीच नव्हतं. मी आपला तळहात पुढे केला.

त्याकडे बघून ते म्हणाले, "तुझा न्हाई चालायचा, गड्या. तुला चटका बसला, तर मला कुठं काय व्हतंय?"

त्यांनी पट्टा बंद केला, पातं रुमालात गुंडाळलं आणि स्कूटरला किक मारली. थेरगावात, लेकीच्या सासरी, विहीणबाईंनी दार उघडलं, तर तात्या उंबऱ्याबाहेर येरझाऱ्या घालत होते.

"सुनंदा हाय का घरात? घटकाभर बसंल का माझ्यापाशी?"