पाण्यातला काळा डाग

फोस्को फ्लॉरेन्सच्या सान फ्रेदियानो वस्तीतला, आमच्याच गल्लीतला. एक्क्याऐंशी वर्षांचा, तोंडाचा फटकळ, कामाला चोख. उमेदीत त्याने होडीत उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने आर्नो नदीच्या तळाची वाळू उपसली. तो धंदा बसल्यावर त्याच होडीत तो फ्लॉरेन्स बघायला आलेल्यांना फिरवू लागला. पाहुणे चित्रांबद्दल विचारायचे. हा सांगायचा, मला आपले पूल खालून माहीत आहेत, तेवढंच. संग्रहालयाची पायरी त्याने जन्मात चढली नव्हती. तिथे सगळे राजे आणि संत, आपलं कोण आहे, असं त्याचं म्हणणं.

मी जुनी चित्रं साफ करते. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आर्नोचं दोनशे वर्षांपूर्वीचं एक चित्र आलं. चित्रकाराचा पत्ता नाही. बंधाऱ्याखाली, काठाला, काळपट डाग. आमच्या कामावर देखरेख करणारे प्राध्यापक म्हणाले, पुराचा चिखल आहे, शुक्रवारी पुसून टाका. माझा हात धजेना. पुसलेलं परत येत नाही. गुरुवारी मी फोस्कोला बोलावून आणलं.

तो इस्त्रीचा सदरा घालून, टोपी हातात धरून आला. प्राध्यापक पिसा शहराचे, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांतले आहेत हे कळायचा अवकाश, त्याने आमची म्हण त्यांच्या तोंडावरच ऐकवली: घरात मढं परवडलं, पण दारात पिसाचा माणूस नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राध्यापक मात्र हसले. त्यांना सवय असावी.

मग तो चित्रापुढे वाकला आणि डागाजवळ नाक नेऊन पाहू लागला.

"चिखल कुठला? हा आमचा ढीग आहे," तो म्हणाला. "उपसलेली वाळू निथळायला इथेच टाकायचो. पोटात ओली म्हणून काळी, माथ्यावर सुकली की पांढरी. माथा बघ की, पोरी."

मी भिंग लावलं. डागाच्या माथ्यावर फिकट रंगाची बारीक रेघ होती, मुद्दाम ओढलेली. आणि ढिगाला टेकवून ठेवलेलं एक फावडं, लांब दांड्याचं. प्राध्यापकांनी दोनदा पाहिलं आणि शुक्रवारचं काम रद्द केलं.

फोस्को खुर्चीत बसला. "म्हणजे आम्ही होतो इथे," एवढंच म्हणाला आणि टोपीने डोळे पुसले. मलाही रडू आलं, मी ते लपवलं नाही.

पुढच्या रविवारी प्राध्यापक त्याच्या होडीत बसले. फोस्को त्यांना म्हणाला, पिसा नदीच्या खालच्या अंगाला आहे, आम्ही सोडू ते तुमच्या दारात येतं, तेव्हा जरा गोडीने राहा.

आता चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर लागलंय. पाहुण्यांनी चित्रांबद्दल विचारलं की फोस्को पुलांचं नाव काढत नाही. "वर जा, तिसऱ्या दालनात," तो सांगतो. "आमची वाळू आहे तिथे. अजून ओली आहे."