आजींचं रेकॉर्डिंग

रझाकारांच्या काळावर कादंबरी लिहितोय, म्हणून भोकरदनजवळच्या एका गावात नव्वदीच्या आजींना भेटलो. लहानपणी त्या आईबरोबर ज्वारीत लपल्या होत्या. तान्ह्या भावाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून आजींनीच त्याचं तोंड दाबून धरलं. रझाकार निघून गेल्यावर हात काढला, तर तो गार पडला होता.

मी मोबाईल पाहिला. रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं.

"आजी, परत एकदा सांगता?" मी निर्लज्जासारखं विचारलं.

"तुमाला लिव्हायचंय न्हाई का? मंग सांगते की," म्हणत त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

जालन्याला येऊन ते ऐकलं. भाऊ गार पडल्याचं सांगून आजी थांबल्या आणि लगेच माझाच आवाज आला, "छान झालं, आजी!"